छोट्या डायकास्ट गाड्या: जमवण्यापासून नव्यानं रंगवण्यापर्यंत

डायकास्ट म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेली. अशा तीन इंचांच्या धातूच्या गाडीत दोन छंद दडलेले आहेत. एक नुसता जमवण्याचा. दुसरा, ती गाडी उघडून, कारखान्याचा रंग काढून, चाकं बदलून आपल्या मनासारखी करण्याचा. इंदूरमध्ये दोन्हींसाठी लागणारं बहुतेक सामान सियागंज, राणीपुरा, खजुरी बाजार आणि जेल रोड एवढ्या टापूत मिळतं. दोन-चार वस्तूच ऑनलाइन मागवाव्या लागतात. हा लेख ज्यानं अजून एकही रिव्हेट (गाडीचे भाग जोडणारी, टोक दाबून पसरवलेली खीळ) काढलेला नाही, त्याच्यासाठी आहे.

आपण काय विकत घेतोय

या गाड्यांना सरसकट १:६४ (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या) म्हणतात, पण ते ढोबळ माप आहे. हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्सच्या स्वस्त गाड्या पाकिटात बसतील अशा मापानं काढतात. त्यामुळे ट्रक आणि बीटलसारखी छोटी मोटार शेजारी ठेवले तर लांबी जवळपास सारखीच भरते. काटेकोर प्रमाण हवं असेल तर मिनी जीटी, इनो ६४, टार्मॅक वर्क्स अशा कंपन्यांकडे जावं लागतं आणि तिथे एका गाडीची किंमत कित्येक पट होते. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

मॅचबॉक्स ही लेस्नी या इंग्रज कंपनीची, १९५३ पासूनची. मॅटेलनं हॉट व्हील्स १९६८ मध्ये १६ मॉडेल्सनी सुरू केली, जपानची टोमिका १९७० ची. १९९७ मध्ये मॅटेलनं टायको कंपनी घेतली, तिच्याबरोबर मॅचबॉक्सही आली, म्हणून आज हे दोन जुने प्रतिस्पर्धी एकाच घरचे आहेत. भारतात लिओ मॅटेलनं काही काळ हॉट व्हील्स इथेच बनवल्या. रामबाग, लोकमान्य नगरसारख्या जुन्या वस्त्यांत माळ्यावरच्या खेळण्यांच्या डब्यात ‘मेड इन इंडिया’ लिहिलेली एखादी गाडी निघाली, तर ती कितीही खरवडलेली असो, रंगवायला घेऊ नका. ती तशीच जपायची.

बेसवरचं, म्हणजे गाडीच्या तळावरचं, साल नवशिक्यांना हमखास फसवतं. तिथे १९९८ कोरलेलं असलं तरी गाडी १९९८ चीच असेल असं नाही. तो त्या मॉडेलच्या साच्याच्या हक्काचा उल्लेख असतो आणि तोच साचा पुढे वीस-पंचवीस वर्षं वापरला जातो. ‘जुनी आहे, दुर्मीळ आहे’ म्हणत तिप्पट किंमत सांगणारे विक्रेते याच सालावर बोट ठेवतात. गेल्या काही वर्षांतल्या हॉट व्हील्सच्या बेसवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असा छोटा शिक्का असतो. अक्षर वर्षाचं, आकडे आठवड्याचे. गाडी केव्हा तयार झाली ते त्यावरून कळतं.

ट्रेझर हंट, म्हणजे हॉट व्हील्सच्या रोजच्या मालात मिसळलेल्या कमी संख्येच्या खास गाड्या, हा प्रकार १९९५ पासून आहे. २००७ पासून त्यात साधी आणि सुपर अशा दोन पायऱ्या झाल्या. अलीकडच्या साध्या ट्रेझर हंटवर वर्तुळातल्या ज्वाळेचं छोटं चिन्ह असतं. सुपरवर ‘टीएच’ ही अक्षरं, स्पेक्ट्राफ्लेम म्हणजे धातूची चमक आतून दिसणारा रंग आणि खऱ्या रबराचे टायर असतात. साध्या गाडीला रबरी चाकं बसवून ती सुपर म्हणून विकण्याचे प्रकार होतात, म्हणून सुटी सुपर घेताना बेसवरचा रिव्हेट बघा. त्याच्याभोवती ओरखडे, गोंद किंवा स्क्रू दिसला तर ती गाडी उघडलेली आहे.

पूर्ण नकली मालही बाजारात भरपूर आहे. बेसवरची अक्षरं बुजलेली, कार्डाची छपाई धुरकट, चाकं डगमगणारी आणि गाडी हातात हलकी लागणारी. यातलं एक लक्षण योगायोग असू शकतं. दोन असली तर ठेवून द्या.

किंमतीचा नियम एकच: रोजच्या मालिकेतली गाडी छापील किंमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊन घेऊ नका. आज न मिळालेलं मॉडेल पुढच्या मालात, नाहीतर दुसऱ्या रंगात पुन्हा येतं. आणि सुरुवातीलाच एक विषय ठरवा: फक्त जुन्या जपानी गाड्या, फक्त पिकअप, फक्त पिवळ्या, काहीही. विषय नसला की सहा महिन्यांत कपाट भरतं आणि त्यातल्या निम्म्या गाड्या आपण का घेतल्या ते आठवत नाही.

ठेवणार कशा

इंदूरच्या हवेत दोन शत्रू आहेत, मे महिन्याचं ऊन आणि जुलै-ऑगस्टचा ओलावा. उन्हानं लाल आणि नारिंगी रंग आधी उडतात, पाकिटाचा प्लास्टिकचा फुगा पिवळा पडतो. ओलाव्यानं कार्ड वाकतं. म्हणून खिडकीसमोर शोकेस नको आणि पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाटही नको. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते कधी वाळवायचे हे कळतं.

रबरी टायरच्या गाड्यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. मऊ टायरमधला तेलकट घटक हळूहळू बाहेर येतो आणि ज्या प्लास्टिकवर गाडी वर्षानुवर्षं उभी असते ते विरघळल्यासारखं चिकट होतं. अशा गाडीखाली कागदाची पट्टी ठेवा किंवा चाकं अधांतरी राहतील अशी ती बेसवर टेकवा.

पहिली गाडी उघडण्याआधी

सराव करायची गाडी स्वस्त, सुटी आणि धातूची बॉडी, प्लास्टिकचा बेस अशी घ्या. दार-बॉनेट उघडणारं मॉडेल नको. शक्य असेल तर एकाच मॉडेलच्या दोन घ्या. दुसरी जोडणीच्या वेळी नमुना म्हणून समोर राहते.

सामान असं: कमी वेगावर चालणारं छोटं ड्रिल, १.६ आणि ४ मिलिमीटरची बिटं, सेंटर पंच, एम २ मापाचा टॅप (२ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोकात आटे पाडायचं हत्यार) आणि त्याचं हँडल, एम २ चे ४ ते ५ मिलिमीटर लांबीचे स्क्रू, सुईसारख्या बारीक कानशींचा संच, ४००, ८००, १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर, छोटा शिकंजा, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन). कानशी, बिटं, वॉटर पेपर, शिकंजा सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. एम २ चे स्क्रू मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीच्या सामानात असतात, ते जेल रोडला विचारा. बारीक ब्रश आणि ॲक्रिलिक रंग खजुरी बाजारच्या स्टेशनरीत मिळतात. एम २ चा टॅप, डिकल पेपर (गाडीवर उतरवायची अक्षरं-चित्रं छापायचा कागद) आणि सुटी चाकं मात्र ऑनलाइनच मागवावी लागतील.

रिव्हेट काढणं

बहुतेक गाड्यांत बॉडीतून खाली आलेले एक किंवा दोन खांब बेसच्या भोकातून बाहेर काढून त्यांची टोकं दाबून पसरवलेली असतात. ती पसरलेली टोपी काढली की गाडी सुटते. खांबाला धक्का लावायचा नाही, कारण पुढे स्क्रू त्यातच बसणार आहे.

गाडी उलटी करून, बॉडीभोवती जाड कापड गुंडाळून शिकंज्यात धरा. हलक्या हातानं, नाहीतर छताचे खांब वाकतात. सेंटर पंचनं रिव्हेटच्या बरोबर मध्यावर खूण करा. ही खूण चुकली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून दिवा जवळ घ्या आणि घाई करू नका. आता १.६ मिलिमीटरच्या बिटनं सरळ खाली ५ मिलिमीटर खोल भोक पाडा. बिटावर त्या खोलीला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळून ठेवा. बसक्या गाड्यांत खांब आखूड असतो आणि बिट थेट बॉनेटमधून बाहेर निघतं, तिथे ४ मिलिमीटरवर थांबा. ही धातू म्हणजे झमाक: जस्त, त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम, काही प्रकारांत तांबंही. ती मऊ आहे आणि बिटाला चिकटते. दर काही सेकंदांनी बिट बाहेर काढून चुरा झटका, रॉकेलचा एखादा थेंब सोडा.

मग ४ मिलिमीटरचं बिट लावून फक्त टोपी कापायची. एक ते दीड मिलिमीटर गेलात की थांबा आणि बेस पातळ पेचकसानं उचलून बघा. सुटला नाही तर अजून अर्धा मिलिमीटर. टोपी कापली जाताना बारीक कडी होऊन बिटावर गरगरायला लागते, ती खूण. त्यापुढे दाबलंत तर खांब खातोय असं समजा.

आधी पाडलेलं १.६ चं भोक एम २ च्या टॅपसाठी बरोबर मापाचं आहे. टॅपला तेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवा. सरळ दाबत नेला तर टॅप आत तुटतो. तुटलेला पोलादी टॅप जस्ताच्या खांबातून निघत नाही, मग बेस ॲराल्डाइटनं चिकटवण्याशिवाय इलाज उरत नाही.

गाडी उघडताच फोटो काढा. बेस, आतल्या सीट, काच, चाकं कोणत्या क्रमानं बसली आहेत ते दोन दिवसांनी आठवत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत सीटचा भागच ॲक्सलना जागेवर दाबून धरतो.

जुना रंग काढणं

प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा आधी बाजूला काढा. रिमूव्हर किंवा ॲसिटोन गाडीच्या प्लास्टिकच्या काचेला लागला की ती कायमची पांढुरकी होते.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पेंट रिमूव्हर काचेच्या बरणीत घ्या, बॉडी बुडेल इतकाच. ५ ते १५ मिनिटांत रंग सुरकुतून सुटतो. जुन्या टूथब्रशनं घासा, कोपऱ्यांत लाकडी टूथपिक वापरा. अनेक रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ घातक आहे आणि ते पातळ नायट्राइलच्या हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जातं. म्हणून काम गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत, डोळ्यांवर चष्मा, बॉडी चिमट्यानं धरायची, मोज्यांवर थेंब उडाला की मोजे लगेच बदलायचे. लहान मुलांना या टप्प्याला जवळ येऊ देऊ नका. त्यांनी रंग निवडावा, डिकल लावावं.

कॉस्टिक सोड्यानं रंग निघतो असं कुणी सांगेल. निघतो, पण सोडा जस्तालाही खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. बॉडी काळी, खडबडीत होते, बारीक नक्षी जाते. संडास साफ करायचं ॲसिडही तसंच.

रंग निघाल्यावर भांडी घासायच्या साबणानं दोनदा धुवा, पूर्ण वाळवा. आता साच्याच्या जोडरेषा दिसतील, छताच्या कडेनं किंवा मडगार्डवरून जाणारी बारीक उंच रेघ. ती कानशीनं उतरवा, मग ४०० आणि ८०० चा पेपर पाण्यात बुडवून फिरवा. कारखाना हे करत नाही आणि घरी केलेली गाडी नजरेत भरते ती बऱ्याचदा याचमुळे. दारांच्या रेषा सुईनं किंचित खोल करून घ्या, कारण पुढे येणारे थर त्या बुजवणार आहेत.

रंग: सगळ्यात जास्त गाड्या इथे बिघडतात

उघडी झमाक हवेत मंद पडते, बोटांचे डाग धरते. म्हणून घासल्यावर त्याच दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारा. धातूवर धरणारा एच (etch) प्रायमर मिळाला तर उत्तम, नाहीतर राखाडी प्रायमर सरफेसर. बॉडी आइस्क्रीमच्या काडीवर दुपदरी टेपनं चिकटवा म्हणजे सगळ्या बाजूंनी फिरवता येते.

स्प्रे रंगाचा कॅन २ मिनिटं हलवा. २० ते २५ सेंटिमीटरवरून, गाडीच्या आधी फवारा सुरू करून गाडीच्या पुढे संपवायचा. पहिला थर इतका पातळ की खालचा धातू दिसत राहील. प्रायमरचे २ थर, रंगाचे ३, वर क्लिअरचे (रंगावरच्या पारदर्शक लेपाचे) २, मध्ये १० ते १५ मिनिटं. याहून जास्त थर या मापाच्या गाडीला झेपत नाहीत. दारं, दिवे, जाळी सगळं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होऊन बसतं.

बिघाड होतात ते बहुतेक तीन कारणांनी.

पहिलं, हवा. पावसाळ्यात लॅकरमधलं (झटपट वाळणाऱ्या रंगातलं) थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंगावर दुधी झाक येते. इंदुरात जुलै ते सप्टेंबर रंगकाम टाळलेलंच बरं. त्या दिवसांत घासणं, टॅपिंग, चाकं ही कामं उरकावीत. मे महिन्यात उलटं होतं. ४० अंशांच्या कोरड्या हवेत फवारा गाडीवर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि हात फिरवला तर वाळूसारखं लागतं, शिवाय दुपारच्या वाऱ्याबरोबर धूळ. उन्हाळ्यात सकाळी ८ च्या आत मारा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वात चांगले; फक्त थंडीत सकाळी कॅनचा दाब कमी पडतो, तेव्हा तो ५ मिनिटं कोमट पाण्यात उभा करायचा. गरम पाण्यात कधीही नाही.

दुसरं, न जुळणारे रंग. इनॅमलवर (सावकाश वाळणाऱ्या रंगावर) लॅकर मारलं की खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात. प्रायमर, रंग, क्लिअर शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे घ्या. दुसरा थर किती वेळात द्यायचा ते कॅनवर लिहिलेलं असतं आणि ते पाळायचंच असतं. काही इनॅमल तासाभराच्या आत किंवा थेट एक-दोन दिवसांनीच दुसरा थर घेतात. मधल्या वेळात मारलं तर तेही सुरकुततात.

तिसरं, बोटं. ‘वाळलं का’ म्हणून टेकवलेलं बोट. काडीला टेकवायचं, बॉडीला नाही.

स्पेक्ट्राफ्लेमसारखी चमक हवी असेल तर प्रायमर नको. बॉडी २००० च्या पेपरपर्यंत घासा, ब्रासोनं आरशासारखी करा, तो तेलकटपणा अल्कोहोलनं काढा आणि पारदर्शक रंगाचे पातळ थर द्या. हा रंग धातूला तितका घट्ट धरत नाही, म्हणून वर क्लिअर हवंच, आणि अशी गाडी खेळायला देण्यासारखी नसते.

मोटार रंगवणारे वापरतात ते दोन भागांचं क्लिअर फार सुंदर दिसतं, पण त्याच्या फवाऱ्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. योग्य मास्कशिवाय त्याला हात लावू नका. साध्या कॅनसाठीही कापडी मास्क कामाचा नाही, कार्बन फिल्टरवाला हवा. कॅनमधला वायू पेट घेणारा असतो. गॅसची शेगडी, गॅस गीझर, देवघरातला दिवा पेटलेला असताना त्या खोलीत फवारा मारायचा नाही. आणि मे महिन्यात कॅन गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत विसरू नका.

डिकल आणि बारीक काम

पाण्यावर सुटणारा डिकल पेपर पारदर्शक आणि पांढरा अशा दोन जातींचा मिळतो. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. त्यामुळे गडद बॉडीवर पारदर्शक पेपरचं डिकल नाहीसं होतं, तिथे पांढरा पेपर घ्या आणि आकृती कडेनं बारीक कापा. इंकजेटवर छापलं असेल तर वर क्लिअरचे २ पातळ थर द्या, नाहीतर पाण्यात शाई पसरते.

डिकल २० ते ३० सेकंद पाण्यात, मग ओल्या बॉडीवर सरकवायचं, कापसाच्या बोळ्यानं मधून बाहेर पाणी काढायचं. ते नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावा. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागात हवा अडकून डिकलखाली चंदेरी धूसरपणा दिसतो आणि तो मागाहून जात नाही.

विषय म्हणून आपल्या शहराचा विचार जरूर करा. रोज सकाळी दारात येणारी महापालिकेची कचरागाडी एखाद्या छोट्या पिकअपवर सुरेख उतरते, आणि ती कुठल्याही कंपनीच्या पाकिटात मिळणार नाही.

हेडलाइट चंदेरी, टेललाइटला आधी चंदेरी आणि वर पारदर्शक लाल. जाळीत पातळ केलेला काळा ॲक्रिलिक सोडा आणि उंच भाग ओलसर बोळ्यानं पुसून घ्या. चार पैशांच्या रंगात गाडी दुप्पट खरी दिसते.

चाकं आणि जोडणी

दोन चाकांमधलं बाहेरचं अंतर व्हर्नियरनं मोजा, पुढचं आणि मागचं वेगळं असू शकतं. दुसऱ्या गाडीचे ॲक्सल तसेच बसले तर उत्तम. नाही बसले तर ॲक्सल मधोमध कापा, त्याच्यावर चपखल बसणारी पितळी नळी घ्या, दोन्ही अर्धे तिच्यात सरकवा, चाकांतलं अंतर जुळवून बेसवर ॲराल्डाइटनं पक्कं करा. नळी कापताना पकड वापरली तर तोंड चेपतं. ती कटरच्या पात्याखाली लाटत कापा. नळीत गोंद शिरला की चाक जागच्या जागी थिजतं, म्हणून गोंद मधल्या भागातच.

काच बसवताना फेविक्विक नको. त्याची वाफ काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, बंद गाडीत तर नक्कीच. पांढऱ्या फेविकॉलचे दोन बारीक ठिपके पुरतात, वाळल्यावर दिसतही नाहीत.

क्रम उलटा: काच, सीट, चाकं, बेस. स्क्रू हातानंच आवळा. मऊ जस्तातले आटे पेचकसाच्या एका जादा पिळानं निघून जातात. काच कुरकुरली तर स्क्रू सोडून सीटचा भाग नीट बसलाय का बघा. खांबांच्या कडेला साचलेला रंग बहुतेक वेळा आड येतो, तो कानशीनं काढायचा.

उरलेला रिमूव्हर मोरीत ओतू नका. तो आणि त्याचे बोळे झाकणाच्या बाटलीत भरून, रिकाम्या कॅनसह, कचरागाडीतल्या घरगुती घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या. तयार गाडी मात्र लगेच झिप पिशवीत किंवा बंद डब्यात घालू नका. इनॅमल वरून वाळलेला वाटला तरी आत मऊ असतो आणि प्लास्टिकची छाप उचलतो. किमान ७ दिवस, थंडीत १०, ती उघड्यावर सावलीत, वर कागदाचा खोका पालथा घालून ठेवा.